बोअरजवळचा पाट

कुमुदआत्या गेली असा फोन आला तेव्हा मी अर्धी मिशी लावून बसलो होतो. आमच्या हौशी मंडळाच्या नाटकात मला पाटलाचं काम आहे आणि त्या दिवशी रंगीत तालीम होती. आरसा, गोंदाची बाटली, पंचा असा सगळा थाट समोर मांडलेला. मिशीची डावी बाजू चिकटली होती, उजवी हातात होती. फोनवर सुशीलाबाई होत्या, आत्याच्या शाळेतल्या जुन्या मैत्रीण. "अरे, कुमुद गेली बाबा... चहा ठेवते म्हणाली आन् खाली बसली, ती बसलीच." मी "बरं" म्हणालो. अशा वेळी माणूस बरं का म्हणतो कोण जाणे. तसाच उठलो, स्कूटर काढली. क्रांती चौकाच्या सिग्नलला शेजारच्या रिक्षातली बाई माझ्याकडे बघून पदराआड हसायला लागली, तेव्हा लक्षात आलं की अर्धा पाटील अजून माझ्या तोंडावर आहे. मिशी ओढून काढली. डोळ्यांत पाणी आलं. बाईला वाटलं असेल, गोंदानं आलं.

घरी अण्णांना सांगायचं होतं. अण्णा म्हणजे माझे वडील. वय ऐंशीच्या पुढं, आणि कुमुदआत्या त्यांची एकुलती धाकटी बहीण. गेली कित्येक वर्षं दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. एकाच शहरात, एका रिक्षाच्या अंतरावर राहून बोलत नव्हते. जिना चढताना मी वाक्याची तालीम केली. आवाज कुठं खाली घ्यायचा, कुठं थांबायचं... आणि आत गेल्यावर सगळं विसरून एकदम म्हणालो, "अण्णा, कुमुदआत्या गेली."

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग विचारलं, "तिच्याकडचा पाट कुठाय?"

सूनबाई, म्हणजे माझी बायको, घाबरली. तिला वाटलं, धक्क्यानं भ्रम झाला. मला मात्र कळलं. त्या पाटाची गोष्ट आमच्या घरात मोठ्यानं कधीच सांगितली गेलेली नाही. आज सांगतो. आत्याला न सांगितलेल्या गोष्टींचा मोठा राग होता.

आत्या कन्नड गावच्या शाळेत मराठी शिकवायची. सुरुवातीला रोज एस.टी.नं जा-ये, मग तिथंच खोली घेतली. त्या खोलीत ती तापानं महिनाभर पडली, तेव्हा शेजारच्या खोलीतल्या, तिच्याच शाळेतल्या सुशीलाबाईंनी तिचं सगळं केलं. पथ्याचं, औषधाचं, डोक्यावरच्या पट्ट्यांचं. सुशीलाबाई ख्रिस्ती. बरी झाल्यावर आत्या सोबत म्हणून त्यांच्याबरोबर रविवारी चर्चमध्ये, त्यांच्या भाषेत देवळात, गेली, पुढच्या रविवारी परत गेली, आणि मग सुशीलाबाई गावाला गेल्या तरी ही एकटी जायला लागली. पुढं मी एकदा तिला छेडलं होतं, "आत्या, तुला तिथं नक्की काय सापडलं?" तर म्हणाली, "शोधायला गेलेच नव्हते रे. नुसती बसले होते. वाटलं, इथं कोणीतरी माझी वाट बघायलंय."

ती हे घरी कसं सांगणार याची आम्हाला कल्पनाही नव्हती, कारण काही चाललंय याचीच कल्पना नव्हती. मी कॉलेजात होतो. सगळे जेवायला बसलो होतो, आई कढी वाढत होती, आणि आत्या भात कालवता कालवता म्हणाली, "दादा, मी मागच्या रविवारी बाप्तिस्मा घेतला." आईचा हात थांबला नाही. अण्णांच्या ताटातली कढी भात ओलांडून, लोणचं ओलांडून खाली फरशीवर आली. कोणी ओरडलं नाही. आमच्या घराण्यात आधी पूजा सांगितल्या गेल्या, नंतर कारकुनी केली गेली, आणि दोन्ही धंद्यांत आवाज न चढवता माणसाला दाराबाहेर उभं करायची कला लागते. अण्णा हात धुऊन आले आणि फार समजुतीनं म्हणाले, "कुमे, तुझं तू मनात ठेव न. मनावर कोण बंदी घालायलंय? फक्त चार लोकांत बोलू नको."

आत्या म्हणाली, "दादा, मी तुझी बहीण आहे हे पण मनातच ठेवू का?"

उत्तरादाखल नियम आला. आत्यानं हॉलपर्यंत यायचं. स्वयंपाकघर आणि देवघर बंद. आमच्याकडं पुरण शिजवण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. त्या दिवसापासून ती हॉलमध्ये पाहुण्यासारखी बसायची आणि आतून येणाऱ्या वासावरून सांगायची, "वहिनी, डाळ लागायलीय खाली." आई आतून म्हणायची, "बघते हं, वन्सं." दोघी एकमेकींचं ऐकायच्या. मधे फक्त उंबरा होता.

या सगळ्यात ती रडवेली, बिचारी वगैरे झाली असेल असं कोणाला वाटत असेल तर माझ्या लग्नातला प्रसंग सांगतो. हळदीच्या वेळी बायका उखाणे घेत होत्या. आमच्या एका मावशीला आत्याला डिवचायची लहर आली. बिनलग्नाची, त्यातून बाटलेली. "अगंबाई, कुमुदताईंनी नाव घेतलंच नाही! घ्या की. कोणाचं घेता बघू!" सगळ्या तोंडाला पदर लावून हसल्या. आत्या उठली, साडीच्या निऱ्या झटकल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "चांदीच्या वाटीत साखरेचे खडे, येशूचं नाव घेते सगळ्यांच्या पुढे." मंडपात असा शुकशुकाट मी आमच्या नाटकाच्या तिसऱ्या अंकातही मिळवलेला नाही. आणि मग, काय सांगू, सनईवाल्या म्हाताऱ्यानं टाळी वाजवली. एकट्यानं. मी मुंडावळ्यांआडून इतका हसलो की भटजींनी डोळे वटारले. पण मावशी पुढं आमच्या घरी येईनाशी झाली, आणि ते बिल अर्थातच आत्याच्या नावावर फाडलं गेलं.

निवृत्त झाल्यावर तिनं साताऱ्याच्या बाजूला छोटा प्लॉट घेऊन दोन खोल्या बांधल्या. साताऱ्याच्या म्हणजे आपल्या शहराच्या कडेच्या सातारा परिसरात. तेव्हा तिथं बाभळी होत्या, आणि देवगाव रंगारीकडून मेंढरं घेऊन आलेले धनगर उन्हाळ्यात मोकळ्या प्लॉटवर बसायचे. तिनं बोअर घेतली, तिला पाणी लागलं, आणि धनगरांच्या बायका हंडे घेऊन तिच्या दारात यायला लागल्या. फाटकावर तिनं वेल्डरकडून लोखंडी क्रूस बसवून घेतला होता, हातभर उंचीचा, निळ्या रंगाचा. निळाच का, म्हणून विचारलं तर म्हणाली, "खिडकीचा रंग उरला होता."

मग ते दुष्काळाचं वर्ष आलं. ज्यांनी ते या शहरात काढलं त्यांना सांगायला नको. धरणात चिखल, नळ कधी येईल त्याचा भरवसा नाही, आणि आला तर वास येणारा. आमच्या गल्लीतल्या बोअर एकेक करून बसल्या. टँकरवाला आईला सांगून थकला, "अम्मा, पानी अच्छाच है, मैं भी येइच पीतौं," पण आई त्या पाण्याला हात लावेना. कारण महालक्ष्म्या जवळ आल्या होत्या. आमच्याकडं महालक्ष्म्यांचा स्वयंपाक कडक सोवळ्यात. पुरण, आंबील, सोळा भाज्या. पाणी कर्त्या पुरुषानं ओलेत्यानं, स्वतःच्या हातानं भरायचं, आणि नैवेद्य होईपर्यंत त्यानं तोंडात काही घालायचं नाही. नात्यागोत्यात पाणी असलेली बोअर एकच उरली होती. कोणाची, ते सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी म्हणत नव्हतं. शेवटी आईनंच मार्ग काढला. "पाणी जमिनीचं असतं. बटण ह्यांनीच दाबायचं, कळशी आपली, हात आपला. मग त्यात त्यांचं काय आलं?" मी वकिली केली असती तर आईला ज्युनियर म्हणून ठेवून घेतलं असतं.

असे आम्ही निघालो. अण्णा ओल्या धोतरानं माझ्या गाडीत, सीटवर पाटावरवंट्यासारखे ताठ. मी गिअर टाकताना कोपर त्यांना लागू नये म्हणून अंग चोरून बसलेलो, कारण मी सोवळ्यात नव्हतो. मागं तांब्याच्या कळशा खणखणताहेत. बीड बायपासला लोक वळून वळून बघत होते. मला मनातून भयंकर मजा वाटत होती. ती मजा तिथं पोचेपर्यंतच टिकली.

फाटकाशी अण्णा थांबले. समोरच्या घरात आमच्या ओळखीचे एक गुरुजी राहायला आले होते. अण्णांनी खांद्यावरचं उपरणं काढलं आणि क्रूसाकडे न बघता म्हणाले, "कुमे, तेवढं झाकशील का? अर्धा तास."

आत्या दारात उभी होती. भाऊ आपल्या घरी पहिल्यांदा येतोय म्हणून इस्त्रीची साडी नेसलेली. ती हसली. "दादा, पाणी पाहिजे तेवढं ने. टाकी रिकामी कर. पण त्याला उपरणं नको. त्याला थंडी वाजत नाही."

अण्णांनी उपरणं परत खांद्यावर टाकलं. आत आले. भिंतीवर बोअरच्या स्टार्टरची लोखंडी पेटी होती आणि खाली स्वयंपाकघरातला एक लाकडी पाट ठेवलेला. आत्या म्हणाली, "पेटी शॉक मारते, दादा. चप्पल तरी घाल, नाहीतर पाटावर उभा राहा. मी तशीच लावते रोज." आता सोवळ्यात चप्पल चालत नाही. आणि पाट होता तिच्या स्वयंपाकघरातला, तिच्या वापरातला. अण्णांनी पायानं पाट बाजूला सारला, ओल्या जमिनीवर अनवाणी उभे राहिले आणि ओल्या हातानं बटण दाबलं.

पुढचं मी अनेकदा स्वप्नात पाहिलंय. अण्णांचा हात सुटेना. तोंडातून आवाज निघेना. मी धावलो तर आत्या किंचाळली, "हात लावू नको!" आणि तोच पाट उचलून तिनं दोन्ही हातांनी अण्णांच्या दंडावर हाणला. हात सुटला. अण्णा कोसळले ते तिच्या अंगावर. ती त्यांच्यासकट खाली बसली, त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि तोंडावरून हात फिरवत राहिली. "दादा... दादा... बघ इकडं." कढीच्या त्या दुपारनंतर बहिणीचा हात भावाला लागला तो असा. अण्णांनी डोळे उघडले. उठायला हवं होतं, उठले नाहीत. तसेच पडून राहिले आणि तिच्या हाताकडे बघत राहिले. मी स्टेजवर खूप खोटं रडलोय, त्यामुळे खरं ओळखता येतं.

थरथर थांबेना म्हणून तिनं भरपूर साखर घालून चहा केला आणि बशीत ओतून स्वतःच्या हातानं पाजला. अण्णा प्यायले. उपास, सोवळं, सगळं त्या बशीत गेलं. मग ते तिच्याच न्हाणीघरात परत न्हाले, ओलेत्यानं आले, या वेळी मुकाट्यानं पाटावर उभे राहिले आणि कळशा भरल्या. निघताना हळूच म्हणाले, "चहाचं घरी बोलू नको."

"मी होऊन सांगणार नाही, दादा. पण विचारलं तर नाही म्हणणार नाही. तुला माहिताय मला."

अण्णांना माहीत होतं. त्यांना वाटलं, विचारतंय कोण!

दुपारी आत्या नेहमीसारखी आमच्या हॉलमध्ये येऊन बसली. घर पाहुण्यांनी भरलेलं, महालक्ष्म्या नटून उभ्या, नैवेद्याची ताटं वाढलेली. आणि आईला अण्णांच्या दंडावरचा काळानिळा वळ दिसला. अण्णा म्हणाले, पडलो. आई संसाराला मुरलेली बाई. तिनं अण्णांना पुढं एक अक्षर विचारलं नाही. उंबऱ्याशी येऊन आत्याला विचारलं. "वन्सं, तुमच्याकडं काय झालं? ह्यांनी काही खाल्लं-प्यायलं का?"

मी आईच्या मागं उभा राहून आत्याला खुणा करत होतो. मान हलवली, डोळे फिरवले, ओठांवर बोट ठेवलं. माझ्या आयुष्यातला सर्वांत मन लावून केलेला मूकाभिनय तो. आत्यानं माझ्याकडे पाहिलं, अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी मान खाली घातली होती. तिनं फक्त एक 'नाही' म्हणायचं होतं. उंबऱ्याअलीकडची जागा तरी राहिली असती, भाऊ राहिला असता.

"शॉक बसला होता, वहिनी. जीव वाचला. चहा मीच पाजला."

आई मटकन खाली बसली. आईला मी दोष देत नाही. आदल्या दिवसापासून ती पाण्याच्या घोटावर उभी होती, आणि तिच्या लेखी तो नैवेद्य देवीला उष्टा गेला असता. पण पुढं जे झालं ते बघवेना. पुरण गाईला गेलं. आणि भरून आणलेलं सगळं पाणी, तांब्याच्या कळशांतलं, स्वच्छ, गार... कोणीतरी अंगणात नेऊन ओतलं. त्या दुष्काळात. जमीन इतकी तापलेली की पाणी वाहिलंसुद्धा नाही. गल्लीतल्या बायका कंपाउंडला टेकून बघत होत्या. नवा स्वयंपाक दुकानातून आणलेल्या सीलबंद जारच्या पाण्यावर झाला. त्याला कोणाचा हात लागलेला नसतो, असं ठरलं.

अण्णा हॉलच्या मध्ये उभे राहून सगळ्यांसमोर म्हणाले, "एक वाक्य गिळता येत नाही तुला? मग या घरात येत जाऊ नको." आत्या उठली. चपला घालताना तिला पट्टा सापडेना. माझ्याजवळ येऊन म्हणाली, "दादाला रात्री हळद लाव दंडाला. लई जोरात लागलंय माझ्याकडून."

ती परत आली नाही.

पुढची वर्षं मीच येऊन-जाऊन राहिलो. आई दर महालक्ष्म्यांना पुरणपोळ्यांचा डबा माझ्याबरोबर द्यायची आणि म्हणायची, "डबा परत आणू नको." सोवळ्यासाठी म्हणायची की तिच्याकडं आपलं काही राहावं म्हणून, ते आईनं मरेपर्यंत सांगितलं नाही. आत्याच्या फळीवर त्या डब्यांची रांग वाढत गेली. पोळी समोर घेऊन ती डोळे मिटायची, काहीतरी पुटपुटायची आणि मग विचारायची, "दादा कसाय?" दर वेळी. पोळी खायच्या आधी.

मी एकदा चिडून म्हणालो, "अगं, एक नाही म्हणाली असतीस तर येशूला कळलंच असतं की तुझी अडचण."

"त्याला कळलं असतं रे," ती म्हणाली. "मला नसतं कळलं. आज चहा पाजला नाही म्हणायचं, उद्या प्रार्थना केली नाही म्हणायचं. मग दादाची बहीण म्हणून तिथं कोण बसलं असतं? मी तर नसते." मग तिनं डोळे पुसले. "पण दादाची लई आठवण येते हं. ते काही खोटं नाही."

स्टार्टरखालचा तो पाट तिनं हलवला नाही. पावसाळ्यात त्यावर प्लास्टिक घालायची. "दादा आला तर परत चिकटायचा," म्हणायची. शहर वाढत वाढत तिच्या कंपाउंडला येऊन भिडलं. बाभळी गेल्या, धनगर यायचे थांबले, दोन्ही बाजूंना सात-सात मजले उठले. त्यांच्या बोअर इतक्या खोल गेल्या की हिची कोरडी पडली. ज्या बाईच्या दारात अख्खी वस्ती पाणी भरायची ती टँकरची वाट बघत बसायला लागली. शेजारच्या सोसायटीचे लोक फार नम्रपणे येऊन सांगायचे, "मॅडम, तो क्रूस आत लावा ना. उगाच कोणाच्या नजरेत..." ती त्यांना आत बोलवायची, चहा द्यायची आणि म्हणायची, "आत मला लागत नाही, मला पाठ आहे." एकदा कोणीतरी तो वाकवला. तिनं वेल्डर बोलावला. या वेळी खिडकीचा रंग नव्हता, म्हणून तसाच गंजलेला राहिला.

आईच्या अंत्यविधीला ती आली होती. स्मशानाच्या फाटकाबाहेर लिंबाखाली उभी. अण्णांनी पाहिलं. मला वाटलं, आता बोलतील... अण्णा वळून गाडीत बसले. माणसाला शरम वाटली की तो रागावल्यासारखा दिसतो. अण्णा तिच्यावर रागावलेले नव्हते हे मला तेव्हा कळायला लागलं. आपल्यासाठी कोणी चारचौघांत खरं बोललं आणि आपण मान खाली घातली, हे त्यांना दिसत होतं, रोज. पण तिच्या फाटकापर्यंत चालत जाणं त्यांना जमलं नाही, आणि ती वाट बघत बघतच गेली.

तिला छावणीजवळच्या ख्रिस्ती दफनभूमीत पुरलं. अण्णा काठी टेकत आले. माझा हात धरला नाही. प्रार्थना झाली, गाणं झालं, लोक मूठमूठ माती टाकायला लागले. अण्णा लांब उभे. एका बाईनं हळूच विचारलं, "बाबा, आपण ओळखीचे का बाईंच्या?" अण्णा म्हणाले, "भाऊ. सख्खा." आणि पुढं होऊन माती टाकली. त्यांच्या मुठीतून निम्मी वाऱ्यानं गेली.

परत येताना गाडी साताऱ्याकडे घ्यायला लावली. पाट जागेवर होता, प्लास्टिकखाली. अण्णांनी स्वतः उचलला. मी सहज बटण दाबून पाहिलं. मोटार घूं घूं करत राहिली, वर काही आलं नाही.

आता तो पाट आमच्या जेवणाच्या टेबलाखाली असतो. खाली बसायला अण्णांचे गुडघे तयार नाहीत, म्हणून ते खुर्चीवर बसतात आणि पाय पाटावर ठेवतात. आधी दोन्ही हातांनी पाट पुसतात, मग पाय ठेवतात. परवा विजेचं मीटर बघायला माणूस आला. सूनबाईनं त्याला पाणी दिलं. तो उभ्यानं पीत होता, एवढ्यात अण्णा एकदम त्याला म्हणाले, "हा पाट माझ्या बहिणीचा. ख्रिस्ती होती ती. मी तिच्या हातचा चहा प्यालोय. महालक्ष्म्यांच्या दिवशी."

त्या माणसानं पाटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "बरं, बाबा," म्हणाला आणि पेला ठेवून जिना उतरून गेला.

अण्णा दाराकडे बघत राहिले. "ऐकलं का त्यानं?"

"ऐकलं, अण्णा."

"सगळं?"

"सगळं."

मग ते जेवायला लागले.